होडी खांद्यावर घेण्याची कला

कोलाडला किंवा ऋषिकेशला राफ्टिंग करून आलेल्यांच्या फोनमध्ये एक माणूस हमखास असतो, ज्याच्याकडे कुणी धड पाहिलेले नसते. राफ्टमधली मंडळी किंचाळत असतात, लाट अंगावर फुटलेली असते आणि फोटोच्या कोपऱ्यात एवढ्याशा लाल-पिवळ्या होडीत तो एकटा बसलेला असतो. दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे आडवे धरून तो मागे वळून राफ्टकडे बघत असतो. राफ्टच्या आधी खळाळ उतरायचा, खाली थांबायचे, कुणी पाण्यात पडलेच तर त्याला होडीच्या टोकाला धरायला लावून काठाला आणायचे, हे त्याचे काम. सेफ्टी कयाकर म्हणतात त्याला. राफ्टला नदी बऱ्याच चुका माफ करते. त्याच्या होडीला फारशा करत नाही.

ही कयाक जाड प्लॅस्टिकची, तीन मीटरच्या आतबाहेर लांब. तिच्यात बसतात म्हणण्यापेक्षा ती अंगात घालतात म्हणणे जास्त खरे. मांड्या आणि गुडघे आतून दोन्ही बाजूंना घट्ट बसलेले, पाय पुढच्या आधाराला टेकलेले, कमरेचा रबरी स्कर्ट होडीच्या तोंडाभोवती ताणून बसवलेला, म्हणजे पाणी आत शिरत नाही. होडी उलटली की माणूसही उलटतो. मग एकतर स्कर्टची पुढची पट्टी ओढून बाहेर पडायचे आणि पोहायचे, नाहीतर डोके खाली असतानाच होडीसकट पुन्हा सरळ व्हायचे. या दुसऱ्या प्रकाराला रोल म्हणतात. तो मूळचा ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांचा. बर्फाळ समुद्रात कातड्याच्या होडीतून बाहेर पडणे म्हणजे जीव जाणे, म्हणून त्यांनी आत राहूनच वाचण्याची युक्ती काढली. 1927 साली हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसाने ती साधली. युरोपियनांत रोल करणारा पहिला म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

पोहण्याच्या तलावात रोल थोड्या सरावाने येतो. नदीत तोच रोल निराळा असतो. उलटे होताच वरचा गडगडाट बंद होऊन कानात नुसती घुमी भरते, नाकातून थंड पाणी थेट टाळूला भिडते आणि हेल्मेटवर दगड टक्कन लागतो. अशा वेळी सगळे अंग एकच गोष्ट मागते: डोके वर काढ. ती केली की रोल फसला. आधी छाती होडीवर झुकवायची, म्हणजे चेहरा दगडांपासून वाचतो. मग वल्हे पाण्याच्या पृष्ठभागाला आणायचे, त्याचा अर्धगोल फटकारा मारायचा आणि त्याच क्षणी कंबरेच्या हिसक्याने होडी फिरवायची. डोके सगळ्यात शेवटी बाहेर. ते आधी उचलले तर त्याचे वजन होडीला पुन्हा खाली ओढते. रोल फसून पोहत काठाला आलेल्याला संध्याकाळी स्वतःच्याच ओल्या बुटात ओतलेली बिअर प्यावी लागते, अशी या मंडळींची जगभर प्रथा आहे. बुटाच्या वासाबद्दल न लिहिलेलेच बरे.

पण रोल हा झाला चुकीवरचा उतारा. मूळ विद्या आहे ती पाणी वाचण्याची. प्रवाहात मोठा दगड असला की पाणी त्याला वळसा घालून पुढे जाते आणि दगडाच्या मागच्या जागेत उलटे, म्हणजे वरच्या दिशेने, वाहू लागते. ही एडी. खवळलेल्या नदीतला हा आडोसा. कयाकर तिच्यात शिरतो, दम घेतो, खालचा टप्पा न्याहाळतो. कसलेला कयाकर नदी एका दमात उतरत नाही, एका एडीतून दुसऱ्या एडीत जातो. जिथे पाणी दगडावरून उडी मारून खाली पडते तिथे पायथ्याशी ते मागे उलटते आणि पडलेली वस्तू पुन्हा पुन्हा धारेखाली ओढते, त्याला होल म्हणतात. शिवाय तिथले पांढरे पाणी हवेने फुगलेले असते. त्यात होडी नीट तरंगत नाही, वल्ह्यालाही पकड मिळत नाही. नदीतल्या होलला बहुधा एखादी बाजू मोकळी असते, तिथून निसटता येते. माणसाने बांधलेल्या सरळ बंधाऱ्याखाली मात्र हे उलटे पाणी या काठापासून त्या काठापर्यंत सलग असते आणि सुटायला वाट नसते. दिसायला सौम्य, उंची जेमतेम पुरुषभर, काठावर कुटुंबे डबे उघडून बसलेली. जाणता कयाकर मोठ्या लाटांपेक्षा अशा बंधाऱ्याला जास्त भितो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे साधे गणित. म्हणून वाहत्या पाण्यात पडल्यावर उभे राहायचे नाही, हा पहिला धडा. पाय दगडांच्या फटीत अडकला की मागचे पाणी माणसाला तिथेच आडवा करते, मग ते कमरेइतके का असेना.

ही सगळी विद्या स्पर्धेत मोजायची कशी? ऑलिम्पिकने काढलेले उत्तर म्हणजे स्लालम. 1972 साली म्युनिक ऑलिम्पिकसाठी आउग्सबुर्गला काँक्रीटचा कृत्रिम प्रवाह बांधला, तिथे ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. नंतर ती ऑलिम्पिकमधून गेली आणि वीस वर्षांनी बार्सिलोनाच्या वेळी परतली. आता जवळपास सगळीकडे पंपाने उचललेले पाणी, हव्या तिथे बसवता येणारे अडथळे आणि वरून टांगलेल्या काठ्यांची फाटके असतात. हिरवी फाटके प्रवाहाबरोबर ओलांडायची, लाल फाटके प्रवाहाविरुद्ध चढून. काठीला स्पर्श झाला की 2 सेकंदांचा दंड, फाटक चुकले की 50. उतार साधारण दीड मिनिटाचा. तिथे 2 सेकंदांत पदक जाते, 50 सेकंदांत सगळेच. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जेसिका फॉक्सने स्लालमची दोन सुवर्णपदके घेतली. कयाक क्रॉस या नव्या प्रकारात तिची बहीण नोएमी हिने तिसरे घरी आणले. त्यात चौघे एकाच वेळी उंच फळीवरून पाण्यात कोसळतात, एकमेकांना रेटत उतरतात आणि वाटेत ठरल्या जागी रोल करून दाखवतात. टीव्हीवर बघायला हा प्रकार स्लालमपेक्षा मजेदार, पण स्लालममधली नजाकत त्यात नाही, असे माझे मत.

आपल्याकडे या खेळाचे एक ठिकाण मराठी माणसाच्या ओळखीचे आहे. महेश्वर म्हटले की अहिल्याबाई होळकर, घाट आणि साड्या. त्याच महेश्वरजवळ नर्मदा खडकांतून असंख्य धारांनी फुटते, ती सहस्रधारा. 2023 च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांमधली स्लालम तिथेच झाली. तिथे पाणी नर्मदेचे, फाटके तेवढी टांगलेली.

खऱ्या नदीवरच्या शर्यतींची तऱ्हा वेगळी. केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या कोडंचेरी भागात भर पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो. चालिप्पुळा, इरुवळिंजिप्पुळा या सह्याद्रीच्या उतारावरच्या लहान नद्या एरवी दगडांतून झिरपत असतात. जुलैत त्या भरतात आणि देशोदेशीचे कयाकर तिथे येऊन थडकतात. सर्वांत सरस ठरतील त्यांना 'रॅपिड राजा' आणि 'रॅपिड राणी' हे किताब. अशा स्पर्धेचे वेळापत्रक आयोजकांइतकेच पावसाच्या हातात असते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन नदीच्या घळीत 1996 पासून नोव्हेंबरात शर्यत होत आली. तिथल्या 'गोरिला' नावाच्या धबधब्याची प्रत्येक कड स्पर्धकांना तोंडपाठ होती. 2024 च्या सप्टेंबरात हेलीन वादळाचा पूर आला आणि त्याने दगड असे हलवले की पाठांतराचा उपयोग राहिला नाही.

स्पर्धा आणि नदीची सफर यांत मला जो खरा फरक वाटतो तो वेगाचा नाही. स्पर्धेत रेषेवर उभे राहिल्यावर 'हा टप्पा मी करत नाही' म्हणता येत नाही. सफरीत दिवसाचे निम्मे निर्णय त्याच प्रश्नाचे असतात. नदी वळणामागे गडप होते, आवाज जाड होतो, तेव्हा होडी एडीत घालायची, उतरायचे, खडकांवरून चालत पुढे जाऊन बघायचे. पाणी कुठून शिरते, कुठे आपटते, तिसऱ्या लाटेनंतर उजवीकडे जमले नाही तर काय होईल. खाली पोहत आलो तर दोर फेकणारा कुठे उभा असेल. एवढे बघून मन खाऊ लागले तर होडी खांद्यावर टाकायची आणि काठाने पुढे चालू लागायचे. कयाकर याला पोर्टेज म्हणतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत, निदान जे पुष्कळ वर्षे टिकले ते तरी मानत नाहीत.

या दोन्ही जगांत वावरलेली एक बाई म्हणजे फ्रान्सची नूरिया न्यूमन. ती स्लालमच्या राष्ट्रीय संघातून आलेली, म्हणजे सेकंदाच्या हिशेबात वाढलेली. 2018 मध्ये ती लडाखला एकटी उतरली: त्सरप, झांस्कर आणि सिंधू, सात दिवस, सुमारे 375 किलोमीटर. अन्न, अंथरूण, सगळे होडीत कोंबलेले. एकटीने जायचे म्हणजे दोर फेकायला खाली कुणी नाही, आणि जड झालेल्या होडीचा रोलही जड. लडाखच्या नद्यांना आणखी एक खोड असते. रात्री बर्फ वितळायचे थांबते, म्हणून पहाटे पाणी उतरलेले असते. ऊन चढले की वरच्या हिमनद्या पाझरू लागतात आणि काही तासांनी ते पाणी खाली पोचते. सकाळी बघून ठेवलेली वाट दुपारी जागेवर असेलच असे नाही. त्या सफरीत न्यूमन एकदा बुडता बुडता वाचली. पुढे 2021 मध्ये तिने इक्वाडोरमध्ये 104 फुटांचा धबधबा कयाकमधून उतरला. शंभर फुटांच्या वरचा धबधबा उतरणारी ती पहिली स्त्री.

धबधब्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 2009 मध्ये टायलर ब्रॅट हा अमेरिकन तरुण वॉशिंग्टन राज्यातल्या पलूस धबधब्यावरून, सुमारे 57 मीटरवरून, उतरला आणि जवळपास धडधाकट बाहेर आला. पायथ्याचे फेसाळ, मऊ पाणी आणि त्यात टोकावर सरळ शिरलेली होडी यामुळे हे जमते. दोन वर्षांनी ओरेगनमधल्या त्याहून कितीतरी लहान धबधब्यावर त्याचा पाठीचा कणा मोडला. आकड्यापेक्षा होडी कोणत्या कोनात पडते याला किंमत आहे.

पण थांबायचे कुठे, याचे सगळ्यांत मोठे उदाहरण तिबेटमधले. यारलुंग त्सांगपो नामचा बरवा शिखराला वळसा घालते आणि पुढे अरुणाचलात सियांग, मग ब्रह्मपुत्रा होते. 1998 मध्ये एक अमेरिकी तुकडी तिथे गेली तेव्हा पाणी फार चढलेले होते. त्यांच्यातला डग गॉर्डन हा अनुभवी कयाकर त्या मानाने छोट्या उडीनंतर मुख्य प्रवाहात ओढला गेला आणि बुडाला. मोहीम तिथेच संपली. 2002 मध्ये स्कॉट लिंडग्रेनच्या नेतृत्वाखाली सात कयाकर गेले ते हिवाळ्यात, पाणी सगळ्यांत कमी असताना. घळीचा वरचा भाग त्यांनी काठाकाठाने, एडी धरत, जागोजागी होड्या खांद्यावर घेत उतरला. जिथे नदी मोठ्या धबधब्यांवरून कोसळते तिथे मात्र त्यांनी पाणी सोडले आणि होड्यांसकट बर्फातली खिंड चढून पलीकडे गेले. खालची घळ त्यांनी केलीच नाही. तरीही ती मोहीम या खेळातल्या थोर मोहिमांत मोजली जाते, आणि माझ्या मते ती खिंड चढण्यामुळेच.

महाराष्ट्रात बारमाही खळाळ जवळपास नाहीतच. पावसाळी नद्या चार महिन्यांच्या पाहुण्या. मग कोलाडची कुंडलिका मे महिन्यातही सकाळी धावते ती कशी? ते पाणी मुळशीचे. मुळा नदी खरी पूर्वेची, भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जाणारी. टाटांनी तिच्यावर धरण बांधले. सेनापती बापटांनी ज्याविरुद्ध 1921 पासून सत्याग्रह लढवला तेच हे धरण. घाटमाथ्यावर अडवलेले ते पाणी बोगद्यांतून आणि नळांतून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात आपटते. 1927 पासून हे चालू आहे. वीज करून झालेले पाणी कुंडलिकेत सुटते आणि रोह्यावरून अरबी समुद्राला मिळते. वाटेत त्याचे दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे खळाळ होतात. पहिली श्रेणी नवशिक्यांची आणि सहावी जवळपास अशक्य, असा हा सहा पायऱ्यांचा हिशेब आहे. त्यात कोलाड शिकण्याजोगे: रोल फसला तरी पुढे डोह येतो.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीवर समर्सव्हिल धरणाचे पाणी दर शरदात होड्यांसाठी आधी जाहीर केलेल्या तारखांना सोडतात. धरण हिवाळ्यापूर्वी रिकामे करायचेच असते, होडीवाल्यांनी ते वेळापत्रकाने सोडायला लावले. कुंडलिकेत पाणी येते ते विजेच्या गरजेप्रमाणे. जनित्रे चालली तर नदी, नाही तर दगडगोटे. म्हणून कोलाडचा गाइड पावसाच्या अंदाजाआधी सकाळी पाणी सुटले का, किती सुटले, याची चौकशी करतो आणि मगच पर्यटकांना लाइफ जॅकेट वाटायला घेतो.