पांढऱ्या पट्टीवरची कसोटी

नांदेडच्या खादी समितीत राष्ट्रध्वज तयार होताना पाहायला गेलं, तर बराच वेळ ध्वज दिसतच नाही. दिसतात तीन रंगांच्या सुट्या पट्ट्या. कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरचं, हातमागावरचं. केशरी आणि हिरवी पट्टी कापली की बाजूला ठेवतात. सगळा जीव पांढरीत, कारण अशोकचक्र तिच्यावर छापायचं असतं.

ती टेबलावर ताणून बसवायची, तळहाताने सुरकुती काढायची, वर जाळीची चौकट, निळी शाई आणि रबरी पट्टीचा एकच दाबून फिरवलेला हात. शाई कमी पडली तर आरे तुटक येतात, जास्त झाली तर कडा फुटतात. खरी परीक्षा पुढे: वाळलेली पट्टी उलटायची आणि पाठीमागून बरोबर त्याच जागी दुसरं चक्र छापायचं. चोवीस आरे चोवीस आऱ्यांवर बसायलाच हवेत. उजेडात धरलं की केसभर सरकलेलंही लपत नाही. त्यात खादीचं सूत हाताचं, कुठे जाड, कुठे बारीक. सर्वांत मोठ्या, 6300 बाय 4200 मिलिमीटरच्या ध्वजावर चक्राचा व्यास 1295 मिलिमीटर. सर्वांत लहानावर अवघा 25. मला धाकटंच अवघड वाटलं.

रंगांचे अर्थ शाळेत पाठ केलेले असतात. पण 22 जुलै 1947 रोजी नेहरूंनी संविधान सभेत मांडलेला ठराव रंग सांगतो, त्यांचे अर्थ नाही. त्याग, प्रकाश, मातीशी नातं हे राधाकृष्णन यांनी त्या दिवशीच्या भाषणात उलगडलं. ठराव अर्थ लावतो तो फक्त चक्राला: आकार सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राचा, पण प्रतीक चरख्याचं. हा संयम मला आवडतो.

चक्र छापून झालं की मग तिन्ही पट्ट्यांची शिलाई, काठाला जाड पट्टी, त्यात दोर आणि लाकडी गुट्टी. हे काम झटपट उरकतं.

ध्वजसंहितेतल्या 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरचा, यंत्रावरचा ध्वजही चालू लागला. स्वस्त झाला, घरोघर पोचला, हे चांगलंच. पण ऑगस्टमध्ये चौकात मिळणाऱ्या कित्येक ध्वजांवरचं चक्र अंडाकृती असतं, आणि ज्या चरख्याची ती खूण, त्याचा एक धागाही त्या कापडात नसतो.