टाच कधी उचलायची

आषाढीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी बारामती, काटेवाडी करत इंदापूर तालुक्यात येते आणि बेलवडीच्या मैदानात गोल रिंगण होतं. वारकरी धावून झाले की अश्व सुटतात. स्वाराच्या हातात पताका, म्हणजे लगामाला उरतो एकच हात. देवाच्या घोड्याच्या पाठीवर तर माणूसच नसतो. टाच नाही, चाबूक नाही, तरी तो त्याच कड्यातून भरधाव जातो. रिंगण ही भक्ती; ड्रेसाज, म्हणजे घोड्याला सूक्ष्म इशाऱ्यांवर ठरावीक चाली करायला लावण्याची स्पर्धा, हा खेळ. दोन्ही एका पंगतीत बसवायचं कारण नाही. पण घोडा स्वाराच्या जोरावर चालतो हा समज खोडायला याहून उघड पुरावा कोणता? कोणी म्हणेल, तो पुढच्या घोड्यामागे पळतो, त्यात नवल कसलं. खरंच आहे. कळपातल्या जनावराला पळायला शिकवावं लागत नाही. कधी, कुठे आणि कोणत्या चालीनं, एवढंच सांगायचं असतं, आणि स्वाराचे इशारे तेवढ्यासाठीच असतात.

मुख्य इशारे तीनच: मांड, पाय आणि हात. चाबूक व टाचेचा काटा त्यांच्या मदतीला. ड्रेसाजच्या २० बाय ६० मीटरच्या मैदानात पंचांना घोड्याची हालचाल दिसावी, पण ती घडवणारा इशारा जवळजवळ दिसू नये, अशी अपेक्षा असते. हे काही नुसते शिष्टाचार नव्हेत. घोड्याच्या अंगावर माशी बसली तर नेमकी तिथली कातडी थरथरते. इतक्या हळव्या अंगाला लाथा कशाला लागाव्यात? लागतात, कारण पोटरीचा दाब दिल्यावर तो काढायचं स्वाराच्या ध्यानात राहत नाही. दाब आला, घोडा सरकला, दाब गेला. शिकणं होतं ते दाब जातो त्या क्षणी. सरकूनही टाच टोचतच राहिली तर घोड्यानं ऐकावं कशासाठी? तो बधिर होतो. मग टाच जोरात, मग काटा, मग चाबूक. वेळेचंही तसंच. घोड्याचा मागचा पाय जमिनीवरून सुटत असताना त्या बाजूनं इशारा मिळाला तर तो ते पाऊल हवं तिथे टाकू शकतो. भार देऊन टेकलेला पाय त्याला मनात असूनही हलवता येत नाही, आणि नेमका तेव्हाच फटका बसला तर ती शिक्षा होते, सूचना नव्हे.

वरातीतला घोडा हलगीवर नाचतो, तो आपला ड्रेसाजच, असं अभिमानानं सांगितलं जातं. जागच्या जागी दुडकी घेण्याची पियाफ ही चाल वरवर तशीच दिसते. फरक पाहायचा तो तोंडात आणि पाठीत. पियाफमध्ये पुठ्ठे खाली बसतात, पाठ उचलते, लगाम हलका राहतो. मान मागे फेकलेली, तोंड उघडं आणि पाठ खचलेली असेल, तर ती वेदनेपासूनची पळवाट असण्याचीच शक्यता जास्त. काटेरी लगामाला तर १९६५ च्या केंद्रीय नियमांनीच मनाई आहे. तो अजून कुठे दिसला, तर परंपरेचं नाव पुढे करून सुटका नाही.

मोठ्या स्पर्धांतले लोक तरी कुठे धुतल्या तांदळाचे, हा आक्षेप रास्त आहे. तीन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकलेल्या ब्रिटनच्या शार्लट दुजार्दिनला जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमधून माघार घ्यावी लागली. शिकवताना ती घोड्याच्या पायांवर लांब चाबूक मारत असल्याची चित्रफीत बाहेर आली होती. पुढे वर्षभराची बंदीही आली. यावरून पदकं म्हणजे चांगल्या स्वारीची हमी नव्हे, हे सिद्ध होतं. इशाऱ्यांचा नियम खोटा ठरत नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारतीय संघानं ड्रेसाजचं सुवर्ण जिंकल्यापासून आपल्याकडे या खेळाचं नाव ऐकू येऊ लागलंय, तर त्यातली पारख उचलावी. काही ड्रेसाज चाचण्यांत स्वाराला मध्येच काही पावलं हात पुढे करून लगाम सैल सोडावा लागतो, आणि तेवढ्यात घोड्याची लय, वेग किंवा तोल बिघडला तर गुण जातात. इंदापूरपासून जवळच अकलूजला घोडेबाजार भरतो. तिथे दात, भोवरे आणि रवाल चाल पाहून झाल्यावर गिऱ्हाइकानं विकणाऱ्याला एवढंच म्हणून पाहावं: आता लगाम सोडून चालवून दाखवा.