फलक स्पष्ट, तर दंड न्याय्य

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके शेतीसाठी जसे प्रसिद्ध आहेत, तसेच तीर्थक्षेत्रांसाठी आणि ऐतिहासिक स्थळांसाठीही. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात मालवाहू गाड्यांची रीघ लागते. श्रावणात मंचर-घोडेगाव मार्गाने भीमाशंकरकडे भाविकांची वाहने जातात, तर १९ फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त शिवनेरीच्या पायथ्याशी जनसागर लोटतो. गावांचे जुने रस्ते मात्र बैलगाडीच्या काळात आखलेले. अशा ठिकाणी वाहन कोठे उभे करावे आणि कोठे करू नये, याचे नियमन अपरिहार्य ठरते.

हे नियमन ज्या साधनाने नागरिकांपर्यंत पोहोचते, ते साधन म्हणजे रस्त्याच्या कडेचा फलक. हा फलकच झाडाच्या फांदीआड गेलेला असेल, त्याचा रंग उडालेला असेल किंवा एकाच खांबावर परस्परविरोधी सूचना असतील, तर वाहनचालकाने काय करावे? आणि अशा जागी दंड झाल्यास दाद कशी मागावी? अनेकांना याची माहिती नसते. काही जण मुकाट्याने पैसे भरतात, काही जण चलानाकडे दुर्लक्ष करतात. हे दोन्ही मार्ग योग्य नव्हेत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११७ अन्वये राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेले प्राधिकरण, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, वाहने उभी करण्याच्या जागा ठरविते. कलम ११६ वाहतूक चिन्हांविषयी आहे. चिन्हाचा आकार, रंग आणि अर्थ अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणेच असावा, अशी त्यात तरतूद आहे. प्राधिकृत यंत्रणेखेरीज कोणालाही रस्त्यावर वाहतूक चिन्ह उभारता येत नाही. एखाद्या दुकानदाराने दारात रंगविलेली 'नो पार्किंग' ही पाटी म्हणजे वाहतूक चिन्ह नव्हे. मात्र कोणाचे प्रवेशद्वार अडविणे हा वेगळा दोष आहे, हेही विसरू नये.

याच कलमात आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. वाहतूक चिन्ह झाकणारा किंवा त्याच्याशी साम्य असल्याने दिशाभूल करणारा जाहिरात फलक काढून टाकण्याचा अधिकार, पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यास राज्य शासन अधिसूचनेद्वारे देऊ शकते. वाढदिवसाच्या आणि अभिनंदनाच्या फलकांमागे चिन्हे दडण्याचा अनुभव ज्या गावांना येतो, त्यांनी ही तरतूद ध्यानात ठेवावी. मात्र नागरिकाने स्वतः वाहतूक चिन्ह हलविणे वा विद्रूप करणे यास याच कलमाने मनाई आहे.

चिन्हे ओळखण्यातही गल्लत होते. निळ्या वर्तुळावर लाल कडा आणि लाल रंगाची एक तिरकी रेघ असेल, तर वाहन उभे करून ठेवण्यास मनाई असते. दोन रेघांची फुली असेल, तर थांबण्यासही मनाई असते. पुणे शहरात दिसणारे 'पी-१' आणि 'पी-२' हे फलक विषम आणि सम तारखांना रस्त्याच्या कोणत्या बाजूस वाहन लावावे हे सांगतात. कामानिमित्त तालुक्यातून शहरात जाणाऱ्यांनी ते समजून घ्यावेत.

दंडाची रक्कम

ज्या अपराधासाठी अधिनियमात स्वतंत्र शिक्षा नाही, त्यास कलम १७७ लागू होते. पहिल्या अपराधासाठी पूर्वी १०० रुपयांपर्यंत असलेला दंड २०१९ च्या दुरुस्तीने ५०० रुपयांपर्यंत, तर पुढील अपराधांसाठी ३०० ऐवजी १,५०० रुपयांपर्यंत वाढविण्यात आला. भाड्याचा टेम्पो चालवून पोट भरणाऱ्यास ही रक्कम लहान नाही. म्हणूनच ती योग्य कारणासाठीच आकारली जावी, हे पाहणे अगत्याचे आहे.

हरकत कशी घ्यावी?

समजा, एखाद्या शेतकऱ्याने भाजीची गाडी बाजाराजवळ उभी केली, फलक जाहिरातीमागे दडलेला होता आणि थोड्या वेळाने त्याच्या भ्रमणध्वनीवर ई-चलानाचा संदेश आला. अशा वेळी त्याने प्रथम चलान पूर्ण वाचावे. वाहन क्रमांक, ठिकाण, वेळ, लावलेले कलम आणि छायाचित्र तपासावे. पैसे भरण्याची वा हरकत घेण्याची मुदत पाहून घ्यावी आणि ती पाळावी. तडजोड रक्कम भरली की प्रकरण मिटते. म्हणून हरकत घ्यावयाची असल्यास ती पैसे भरण्यापूर्वीच घ्यावी.

त्यानंतर शक्यतो त्याच दिवशी जागेची छायाचित्रे काढावीत. एक चालकाला रस्ता जसा दिसतो त्या बाजूने, एक फलकाचे जवळून आणि एक वाहन व फलक यांतील अंतर दाखविणारे. फलक दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला, तर हाच पुरावा उरतो.

हरकत राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर नोंदविता येते. हे दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलिसांच्या कार्यक्षेत्रात येत असल्याने, येथील चलानाबाबत त्यांच्या वाहतूक शाखेकडे लेखी अर्जही देता येतो. अर्ज थोडक्यात असावा. चलान क्रमांक, तारीख, फलकातील नेमका दोष आणि जोडलेली छायाचित्रे एवढे पुरे. अर्जाची पोच अवश्य घ्यावी.

त्या ठिकाणी मनाई कोणत्या आदेशान्वये आहे, याची प्रत माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून मागता येते. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हरकतीची मुदत मात्र त्यासाठी थांबत नाही. हरकत अमान्य झाल्यास न्यायालयात बाजू मांडता येते. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत विधी साहाय्य मिळू शकते. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी बांधवांनी या सोयीचा लाभ घ्यावा.

हक्काबरोबर कर्तव्यही

प्रत्येक हरकत मान्य होईलच असे नाही. "पाचच मिनिटे थांबलो होतो" किंवा "इतरांच्याही गाड्या होत्या" ही कारणे टिकत नाहीत. पदपथ, पादचारी मार्ग, बसथांबा, शाळा व रुग्णालयाचे प्रवेशद्वार येथे फलक नसला तरी वाहन उभे करणे गैरच आहे. अरुंद रस्त्यावर अडलेल्या रुग्णवाहिकेतील रुग्णाला आपली सबब उपयोगी पडत नाही.

परंतु फलक खरोखरच सदोष असेल, तर हरकत घेणे म्हणजे पोलिसांशी भांडण नव्हे. अर्जाची एक प्रत रस्त्याची देखभाल करणाऱ्या यंत्रणेस द्यावी. जुन्नर शहरातील रस्त्यासाठी नगरपरिषद, अन्यत्र संबंधित स्थानिक संस्था, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महामार्ग यंत्रणा, असा विचार करावा. एका नागरिकाचे ५०० रुपये वाचणे ही लहान गोष्ट झाली. त्याच्या अर्जामुळे फलक स्वच्छ झाला, तर उद्या त्या रस्त्याने येणाऱ्या प्रत्येकाला नियम कळेल, आणि जो नियम कळतो तोच पाळला जातो.