घरगुती सीएनसी राउटरमध्ये मोटरीची पावले चुकणे : कारणे, निदान व उपाय

टोकण यंत्राच्या कलत्या चकतीवर बियाणे उचलण्यासाठी परिघावर खाचा असतात. सोयाबीन, हरभरा, मका, भुईमूग अशा प्रत्येक पिकाच्या दाण्यानुसार या खाचांचा आकार व संख्या बदलते. हव्या त्या मापाची चकती बाजारात मिळेलच असे नाही. अशा वेळी नायलॉन किंवा ॲक्रिलिकच्या पत्र्यातून चकती कापून घेण्यासाठी संगणकनियंत्रित राउटर, म्हणजेच सीएनसी राउटर, उपयोगी पडतो. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली आणि अशी साधने खेड्यापर्यंत पोहोचू शकतात, हे दिसून आले. मुक्त स्वरूपातील 'जीआरबीएल' ही नियंत्रण प्रणाली साध्या अर्दुइनो फलकावर चालत असल्याने असा राउटर आता घरीही बांधता येतो.

मात्र घरी बांधलेल्या राउटरमध्ये एक दोष वारंवार आढळतो. काम व्यवस्थित सुरू होते, मध्येच कापणीची रेषा सरकते आणि पुढील सर्व खाचा चुकीच्या जागी पडतात. यंत्र थांबत नाही, कोणतीही सूचना देत नाही. अशी चकती नजरेला ठीक वाटली तरी केंद्राचे छिद्र सरकलेले असल्यास ती लंगडत फिरते; काही खाचांत दोन दाणे बसतात, तर काही रिकाम्या जातात. दोषाची किंमत शेवटी ओळीतील नांग्यांच्या रूपाने शेतात मोजावी लागते.

दोष का कळत नाही?

अशा यंत्रात बहुधा स्टेपर मोटर वापरली जाते. ती एका फेऱ्यात २०० पावले टाकते, म्हणजे प्रत्येक पाऊल १.८ अंशांचे असते. नियंत्रक विद्युत स्पंद पाठवतो आणि मोटर तितकी पावले टाकेल असे गृहीत धरतो. पावले खरोखर पडली की नाही, हे तपासण्याची सोय त्यात नसते. भार मोटरीच्या ताकदीपेक्षा जास्त झाला की आतील चुंबकीय पकड सुटते व मोटर मागे राहते. नियंत्रकाच्या हिशेबात मात्र ती योग्य जागीच असते. यालाच पावले चुकणे म्हणतात.

प्रथम दोषाचे स्वरूप ओळखावे

मापातील प्रत्येक चूक ही पावले चुकल्यामुळे होत नाही. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी पुढील फरक पाहावा.

१. चूक अंतराच्या प्रमाणात असेल, उदाहरणार्थ १०० मिमीला १ मिमी आणि २०० मिमीला २ मिमी, तर प्रति मिलिमीटर पावलांची नोंद चुकली आहे. ती सुधारावी.

२. चूक केवळ दिशा बदलताना दिसत असेल आणि कितीही फेऱ्या केल्या तरी वाढत नसेल, तर तो नट व दांडा यांमधील मोकळिकीचा परिणाम आहे.

३. चूक एकदम उद्भवून पुढे तशीच राहत असेल किंवा अनियमितपणे वाढत असेल, तर पावले चुकत आहेत अथवा कपलिंग दांड्यावर घसरत आहे.

चुकीचे माप घेतल्यास आणखी नेमके निदान होते. पकड सुटलेली मोटर सामान्यतः चार पूर्ण पावलांच्या पटीतच, म्हणजे ७.२ अंशांनी, पुन्हा पकड घेते. एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणाऱ्या आटेदार दांड्यावर हे अंतर ०.१६ मिमी भरते. डायल गेजवरील सरक ०.१६, ०.३२, ०.४८ मिमी अशा पटीत असल्यास मोटरीची पकड सुटल्याचे समजावे. याउलट शेकडो वेळा दिशा बदलल्यावर एकाच बाजूला हळूहळू सरक जमा होत असेल, तर दिशेचा व पावलाचा स्पंद यांच्या वेळेत मेळ नाही. तेव्हा स्पंदाचा कालावधी आणि ध्रुवता तपासावी.

हवेत चालवून पाहणे

दुसरी चाचणी सोपी आहे. तोच आराखडा कापणीचे पाते पत्र्याच्या वर ठेवून चालवावा व शेवटी यंत्र आरंभबिंदूवर आणावे. खूण तंतोतंत जुळली, तर दोष कापणीच्या भारात आहे. पाते बोथट आहे का ते पाहावे, एका फेरीतील खोली कमी करावी आणि सरकण्याचा वेग घटवावा. हवेतही खूण चुकत असेल, तर पुढील क्रमाने तपासणी करावी.

यांत्रिक भाग : वीज बंद करून अक्ष हाताने सावकाश सरकवावा. एखाद्या ठिकाणी जड लागत असेल, तर दांडा व मार्गिका समांतर नाहीत, नट जास्त आवळला आहे किंवा भुसा अडकला आहे. मोटरीचा दांडा व कपलिंग यांवर मार्करने एक सलग रेघ ओढावी. काम झाल्यावर ती तुटलेली दिसल्यास कपलिंगचा ग्रब स्क्रू दांड्याच्या सपाट भागावर घट्ट बसवावा.

वेग व प्रवेग : स्टेपर मोटरीची ताकद वेग वाढताच घटते. प्रवेगाची मांडणी निम्मी करून चाचणी पुन्हा घ्यावी. चूक थांबल्यास मूल्य थोडे थोडे वाढवावे आणि दोष दिसू लागतो त्याच्या बरेच खाली स्थिर करावे. जास्त वेग आवश्यक असल्यास ड्रायव्हरच्या मर्यादेत राहून १२ व्होल्टऐवजी २४ व्होल्टचा पुरवठा द्यावा.

विद्युत प्रवाह व उष्णता : ड्रायव्हरवरील प्रवाह कमी असल्यास मोटर दुबळी पडते, जास्त असल्यास ड्रायव्हर तापून क्षणभर बंद होतो आणि मोटर सैल पडते. ए४९८८ ड्रायव्हरवरील संवेदक रोधक ०.१ ओहमचा असेल, तर १ अँपिअर प्रवाहासाठी संदर्भ व्होल्टता ०.८ ठेवावी. निरनिराळ्या फलकांवर हा रोधक वेगळा असतो, म्हणून तो आधी पाहावा. वीज चालू असताना मोटरीची तार कधीही काढू नये, ड्रायव्हर जळतो.

तारा : कापणी मोटरीच्या तारा स्टेपरच्या संकेततारांपासून दूर ठेवाव्यात. संकेततारांना जाळीचे आवरण असल्यास ते एकाच टोकाला भूजोडणीस जोडावे.

हवामानाचा विचार

एकाच आराखड्याचे यंत्र दोन ठिकाणी वेगळे वागू शकते. चेन्नईच्या अण्णा नगरसारख्या किनारपट्टीच्या शहरी वस्तीत मे महिन्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि हवा दमटही असते. गच्चीखालच्या बंद खोलीतील ड्रायव्हर तेथे लवकर तापतो, दांड्यावर गंज चढतो, एमडीएफचा पाया फुगून मार्गिकांची समांतरता बिघडते. कोकणातही दमटपणाचा हाच अनुभव येतो. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात गंजाची भीती कमी, पण उष्णता व धूळ जास्त. म्हणून ड्रायव्हरवर उष्णताशोषक पट्टी व पंखा बसवावा, दांड्याला नियमित वंगण द्यावे आणि हिवाळ्यात निश्चित केलेली मूल्ये उन्हाळ्यात पुन्हा तपासावीत.

संवेदक बसवावा का?

बाग लावणे व पाणी देणे ही कामे करणाऱ्या 'फार्मबॉट जेनेसिस' या मुक्त आराखड्याच्या यंत्रात मोटरींवर एन्कोडर बसवून टाकलेली पावले पडताळली जातात. राउटरलाही तशा मोटरी बसवता येतात, परंतु अडकलेला दांडा किंवा सैल कपलिंग यांवर तो इलाज नव्हे. मूळ दोष दूर केल्यावरच हा खर्च करावा.

एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवावी. प्रत्येक चकतीच्या आराखड्यात आरंभी, पत्र्याच्या टाकाऊ भागावर, एक बारीक खूण पाडावी आणि शेवटी पाते त्याच खुणेवर परत आणावे. खूण जुळली नाही, तर ती चकती टोकण यंत्रावर चढवू नये. वाया गेलेल्या पत्र्याची भरपाई होते. पेरणीची वेळ गेल्यावर नांग्या भरून पूर्ण उत्पादन मिळवणे मात्र कठीण असते.