हक्कसोडीचा कागद

गेल्या दिवाळीत आईची ट्रंक आवरताना एका जुन्या कागदाची नक्कल हाती लागली. वर 'हक्कसोडपत्र' असे लिहिलेले, खाली आईची सही. आजोबा २०१२ साली वारले. मागे वारस दोघेच, आई आणि मामा. चार एकर वडिलोपार्जित जमिनीवरचा आपला हक्क आईने 'स्वखुशीने व विनामोबदला' सोडून दिला होता. मी कारण विचारले. ती एवढेच म्हणाली, "अगं, जमीन घेतली असती तर माहेर तुटलं असतं."

त्या उत्तराने मी अस्वस्थ झाले आणि कायदा समजून घेऊ लागले.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वारस मानले खरे, पण तिचे माप अपुरे ठेवले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्मतःच हिस्सेदार. मुलीला मात्र वडिलांच्या हिश्श्यातला वाटा. आमच्या चार एकरांचेच उदाहरण घेऊ. आजी आधीच वारली होती. जुन्या नियमाने दोन एकर मामाचे, दोन आजोबांचे. आजोबांच्या दोन एकरांत भाऊबहीण समान. म्हणजे मामाला तीन एकर, आईला एक.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींनाही जन्मतः हक्क दिला. पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. माझी आई त्यांतलीच. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलींनाही मुलांइतकाच हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. या हिशेबाने आईचे दोन एकर होत होते.

अर्धशतक झगडून कायद्याने जे दिले, ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एका सकाळी परत गेले. साक्षीदार आले, सही झाली, तलाठ्याकडे फेरफार झाला, सातबारावर मामाचे एकट्याचे नाव राहिले. आईला साडीचोळी मिळाली. मामा वाईट माणूस नाही. बहिणीने सही करायची असते, हे त्यानेही लहानपणापासून पाहिलेले.

पण एक प्रश्न मनातून जात नाही. 'हिस्सा घेतलास तर बहीण तुटेल', असे मामाला कधी कोणी म्हटले का? नाते टिकवण्याची किंमत एकटीनेच का मोजायची? जिथे नकार दिल्यावर दार बंद होण्याचे भय आहे, तिथे 'स्वखुशी' हा शब्द कागदापुरताच उरतो.

मैत्रिणींनो, सही करण्यापूर्वी कागद वाचा, आपला हिस्सा किती ते विचारा. आणि मित्रांनो, बहिणीपुढे तो कागद ठेवूच नका. मी हे माझ्या धाकट्या भावाला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, आईचा कागद मलाही वाचायचाय."