घरातील स्वयंचलन : आरंभ कोठून करावा?

रायपूरसारख्या नगरात पुष्कळ घरांना एक अनुभव येतो. खारून नदीचे पाणी नळावाटे अंगणातील हौदात येते. तेथून ते मोटारीने गच्चीवरील टाकीत चढवावे लागते. मोटार सुरू करून मनुष्य दुसऱ्या कामास लागतो आणि टाकी भरून पाणी वाहू लागले, तरी त्याला त्याची आठवण होत नाही. ऐन वैशाखात हे पाणी वाया जाते. उलट हौदच रिकामा झाला, तर मोटार कोरडी फिरून जळण्याचा संभव असतो. ‘स्मार्ट’ म्हणविल्या जाणाऱ्या घराचा विचार या साध्या प्रसंगापासून केला, तर विषयाचे मर्म लवकर ध्यानात येते.

कोणत्याही स्वयंचलित व्यवस्थेची तीन अंगे असतात : स्थिती जाणणारा संवेदक, निर्णय करणारा नियंत्रक आणि प्रत्यक्ष कृती करणारे साधन. टाकीतील तरंगता स्विच यांपैकी पहिली दोन कामे एकटाच करतो. पाणी चढले की तो उचलला जाऊन कलंडतो, त्याच्या आतील गोळी घरंगळते आणि विद्युत्परिपथ तुटतो. मात्र पाणी बोटभर उतरताच मोटार पुन्हा सुरू झाली, तर ती दिवसभर चालू-बंद होत राहील. म्हणून सुरू होण्याची पातळी खाली आणि बंद होण्याची वर ठेवतात. हौदात असाच दुसरा स्विच बसविला, की मोटार कोरडी चालत नाही. ही सामग्री काही शे रुपयांत मिळते; तिला मोबाईल लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. तथापि पाणी व वीज येथे एकत्र येतात. म्हणून जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.

यापुढील पायरी वाय-फायवर चालणाऱ्या प्लगची. २०१४ साली ईएसपी८२६६ ही स्वस्त चिप बाजारात आली आणि अशी उपकरणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागली. पहाटे कूलर आपोआप बंद व्हावा, यासाठी असा प्लग उपयोगी पडतो. परंतु खरेदीपूर्वी त्याची क्षमता पाहणे अगत्याचे आहे. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. तो ६ अँपिअरच्या प्लगला जोडणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. शिवाय असा प्लग स्वतःही वीज खातो. अखंड एक वॅट खर्च झाला, तरी वर्षाला जवळजवळ पावणेनऊ युनिटे होतात. मोजक्या कूलरांसाठी हा खर्च नगण्य आहे. प्रत्येक दिव्यासाठी तो करावा काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

कोणतेही साधन घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. इंटरनेट बंद असता ते चालेल काय? गेलेली वीज परत आल्यावर ते आपोआप सुरू होईल की बंद राहील? आणि घरातील वृद्ध आजीला मोबाईलवाचून, भिंतीवरील बटण दाबून पंखा लावता येईल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर ते साधन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. स्वयंचलनाने माणसाचा विसराळूपणा सावरावा. घरावरील त्याचा अधिकार हिरावून घेऊ नये.