अर्ध्या तासाची मजुरी

गेल्या पावसाळ्यापूर्वी मुलुंडच्या आमच्या सदनिकेत न्हाणीघराचा नळ गळू लागला. नेहमीचा प्लंबर आला आणि पाहून म्हणाला, “काका, नुसता वॉशर बदलून भागणार नाही. भिंतीतला कॉक झिजला आहे. सामान वेगळे, मजुरी ८०० रुपये.” काम जेमतेम अर्ध्या तासाचे. आयुष्यभर बँकेत हिशेब तपासलेल्या मला हा दर मानवेना. मी ५०० वर अडून बसलो. त्याने निमूटपणे पान्यांची पिशवी उचलली.

नाक्यावरून दुसरा माणूस आणला. ५०० रुपयांत काम उरकले. दोन महिन्यांनी खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची आणि बाहेरील सामाईक नळांची गळती संस्थेने दुरुस्त करावयाची असते. सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करावयाची असते. भिंत फोडणे, नव्या लाद्या, शेजाऱ्यांचे प्लास्टर आणि रंग मिळून २२,००० रुपये झाले. ३०० वाचवण्याची ही किंमत!

शेवटी पहिल्याच प्लंबरला बोलावले. काम संपल्यावर चहा घेताना त्याने आपला हिशेब सांगितला. तो दिव्याहून लोकलने येतो. चांगल्या दिवशी तीन कामे मिळतात. त्यांतले एखादे नुसतेच पाहून परतण्याचे, म्हणजे बिनपैशाचे. हत्यारे स्वतःची, आजारपण स्वतःचे; काम बिघडले तर दुसरी खेप फुकट. “काका, तुम्ही अर्धा तास मोजता, मला अख्खा दिवस मोजावा लागतो.”

व्यापारी कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाईक फिरकले नाही म्हणून दुकानाचे भाडे आणि नोकरांचा पगार थांबत नाही. तो खर्च विकल्या गेलेल्या मालावरच बसतो. कारागिराचे दुकान त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत असते, एवढाच फरक.

म्हणून मागेल ते द्यावे, असे मात्र नव्हे. काम सुरू होण्यापूर्वीच पाहणी, मजुरी आणि सामान यांचे आकडे वेगवेगळे विचारावेत. सामानाचे बिल दुकानातून आपल्या नावे घ्यावे आणि काढलेला जुना भाग मागून पाहावा. नळ, कडी, दिव्याचे बटण अशी किरकोळ कामे साठवून संबंधित कारागिराला एकाच खेपेत सांगावीत. मोठ्या कामासाठी तीन ठिकाणचे दर मागवावेत आणि सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. मोबाइलवरील अ‍ॅपवरून माणूस बोलावल्यास त्या रकमेत कंपनीचा वाटाही असतो, हे ध्यानी ठेवावे. नोंदणी नसलेल्या कारागिराला जीएसटी आकारता येत नाही. केवळ सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे नोंदणी क्रमांकाविना कच्च्या चिठ्ठीवर कर लावलेला दिसल्यास अवश्य विचारावे.

परवा स्वयंपाकघरातील सिंकचा पाइप तुंबला. त्याने ६०० सांगितले. मी आकडे विचारले, त्याने फोड करून सांगितली. मी ६०० दिले आणि पावती घेतली. घासाघीस झाली नाही. हिशेब मात्र झाला.